पुढचा वारा आधी कसा कळतो

विमानाचं नाक धातूचं नसतं. बाकीचं अंग ॲल्युमिनियमचं असो वा कार्बन फायबरचं, अगदी पुढचा गोलसर भाग मात्र काचतंतूंच्या थरांचा बनवतात, कारण त्यातून रडारच्या लहरी आरपार जायला हव्यात आणि धातू त्या अडवतो. या भागाला रेडोम म्हणतात. देखभालीसाठी तो बिजागऱ्यांवर वर उचलला की आत एक सपाट तबकडी दिसते. बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० मध्ये तिचा व्यास साधारण पाऊण मीटर असतो. तिच्या तोंडावर बारीक खाचांच्या रांगा असतात. लहरी त्यांतून बाहेर पडतात आणि समोर कशावर आदळून परत फिरल्या की त्याच खाचांतून आत येतात. उड्डाणभर ही तबकडी डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरत पुढची वाट तपासत असते.

ती नेमकं काय पाहते? एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की लक्षात ठेवली तर पुढचा विषय सोपा होतो. वारा दिसत नाही. दिसतं ते वाऱ्याबरोबर वाहत जाणारं काहीतरी: पावसाचे थेंब, गारा, धूळ, फार तर हवेचे रेणू. कुठल्या साधनाला यातलं काय दिसतं, यावर त्याची ताकद ठरते आणि ते कुठे आंधळं पडतं तेही ठरतं.

वळवाचा पाऊस येण्याआधी गार वाऱ्याचा झोत येतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुपारभर उकडत असतं, आभाळ भरून येतं आणि पहिला थेंब पडायच्या आतच धुळीचे लोट उडवत तो झोत अंगावर येतो. वाळत घातलेल्या कुरडया आणि दोरीवरचे कपडे गोळा करायची धांदल उडते. हा गारवा येतो ढगाखालून. पाऊस पडताना काही थेंबांची वाटेतल्या कोरड्या हवेत वाफ होते, गारा वितळतात, आणि या दोन्हींसाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतूनच घेतली जाते. हवा गार होते, जड होते आणि थेंबांच्या ओझ्यासकट खाली कोसळते. जमिनीला टेकल्यावर खाली जायला वाव नसतो, म्हणून फरशीवर बादली उपडी केल्यावर पाणी पसरतं तशी ती चहूबाजूंना पसरते. आपल्याला लागतो तो या पसरणाऱ्या हवेचा पुढचा काठ.

हेच कोसळणं चार किलोमीटरपेक्षा लहान जागेत एकवटलं की त्याला मायक्रोबर्स्ट म्हणतात. ते बहुतेकदा पाच-दहा मिनिटांत आटोपतं. इतकं लहान आणि इतकं अल्पायुषी असल्यामुळेच ते बराच काळ कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते ध्यानात आणून दिलं टेट्सुया फुजिता यांनी. टोर्नेडोच्या तीव्रतेची मोजपट्टी ज्यांच्या नावाने ओळखली जाते तेच हे शिकागो विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचं बोइंग ७२७ कोसळलं आणि ११३ जण गेले. फुजितांना खटकली ती एक बाब: त्याच धावपट्टीवर त्याआधी इतर विमानं सुखरूप उतरली होती. मग कारण असं हवं, जे काही मिनिटांतच जन्मतं आणि मरतं, आणि जे धावपट्टीच्या एका टोकाला असतं तेव्हा दुसऱ्या टोकाला जाणवतही नाही. ढगातून इतका जोरदार झोत जमिनीपर्यंत पोचतो हे अनेक सहकाऱ्यांना पटेना. १९७८ मध्ये शिकागोजवळ आणि १९८२ मध्ये डेन्व्हरजवळ डॉप्लर रडार, म्हणजे थेंबांचा वेगही मोजणारं रडार, लावून मोजमापं झाली, तेव्हा वाद मिटला.

उतरणाऱ्या विमानाला मायक्रोबर्स्ट घातक का ठरतो, हे पायरीपायरीने पाहू. विमान त्याच्या काठाशी येतं तेव्हा बाहेर पसरणारी हवा समोरून येत असते. समोरचा वारा वाढला की पंखांवरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो, विमान उचललं जातं, वेगमापकाचा काटा वर सरकतो. वैमानिकाला वाटतं, वेग जास्त झाला. तो इंजिनांचा जोर कमी करतो. ही पहिली पायरीच सगळ्यात फसवी, कारण इथे सगळं चांगलं चाललेलं दिसतं. पुढच्या काही सेकंदांत विमान मधोमध येतं आणि हवा वरून खाली दाबू लागते. त्याच्यापुढे वारा मागून येऊ लागतो. पंखांवरचा हवेचा वेग झपाट्याने उतरतो, उचल घटते, आणि नेमक्या याच वेळी इंजिनं मंदावलेली असतात. जेट इंजिनाला मंद गतीवरून पूर्ण जोरावर यायला काही सेकंद लागतात. जमीन दोन-तीनशे मीटर खाली असताना तेवढे सेकंद हाताशी असतीलच असं नाही.

२ ऑगस्ट १९८५ च्या संध्याकाळी डॅलस-फोर्ट वर्थला हेच घडलं. डेल्टा एअरलाइन्सचं फ्लाइट १९१, लॉकहीड ट्रायस्टार जातीचं भलं मोठं विमान, उतरायच्या बेतात होतं. धावपट्टीच्या अलीकडे एक वादळी ढग वाढत होता. पुढचं एक लहान लियरजेट त्याच पावसातून पार होऊन उतरलं होतं. ट्रायस्टार त्यात शिरलं, आधी वेग वाढला, मग ढासळला. विमान धावपट्टीच्या जवळपास दोन किलोमीटर अलीकडे शेतात टेकलं, हायवेवर एका मोटारीला धडकलं आणि विमानतळाच्या आवारातल्या पाण्याच्या अजस्र टाक्यांवर जाऊन आदळलं. १३७ जण मरण पावले. या विमानाच्या नाकात हवामान रडार होतं. पण त्या काळचं रडार पाऊस किती आहे एवढंच सांगायचं. त्या पावसाबरोबर हवा कुठे चालली आहे, हे त्याला सांगता येत नव्हतं.

या अपघातानंतर नासा आणि अमेरिकेची विमानवाहतूक यंत्रणा एफएए यांनी १९८६ पासून एकत्र काम सुरू केलं. पहिला प्रश्न यंत्राचा नव्हताच. धोका मोजायचा कशात, हा होता. ताशी ऐंशी किलोमीटरचा वारा म्हणजे धोका असं म्हणून भागत नाही, कारण तोच वारा एकसारखा वाहत असेल तर विमानाला त्याचं काही वाटत नाही. घातक असतो तो वाऱ्यातला बदल, तोही विमान ज्या वेगाने त्यातून जातं त्या हिशेबाने. नासाच्या लँगली केंद्रातले रोलंड बोल्स यांनी यासाठी जी राशी वापरात आणली तिला एफ-फॅक्टर म्हणतात. या सगळ्या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. रडार नंतर सुधारलं, पुढेही सुधारेल. पण हवामानाची भाषा विमानाच्या भाषेत आणली ती या एका आकड्याने.

हिशेब अवघड नाही. समजा विमान सेकंदाला ७५ मीटर वेगाने खाली येतंय. समोरचा वारा सेकंदाला २० मीटर आहे आणि तीन किलोमीटर पुढे तोच मागून २० मीटर होतो. म्हणजे एकूण ४० मीटरचा फरक. तीन किलोमीटर कापायला विमानाला ४० सेकंद लागतात. म्हणजे दर सेकंदाला वारा एक मीटरने बदलतो. गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाने, ९.८ ने, भागलं की येतो साधारण ०.१०. आता मध्यभागी हवा सेकंदाला ४ मीटरने खाली जातेय असं धरा. ४ भागिले ७५ म्हणजे ०.०५. बेरीज ०.१५. याचा अर्थ असा की या पट्ट्यातून जाताना विमानाची चढण्याची क्षमता दर शंभर मीटर अंतरामागे १५ मीटरने घटते. प्रवासी विमानाची सगळी इंजिनं पूर्ण जोरावर असताना चढण्याची शिल्लक ताकदही साधारण एवढीच, बऱ्याचदा याहून कमी असते. म्हणून किलोमीटरभराच्या सरासरीत एफ-फॅक्टर ०.१ च्या वर गेला की धोका मानायचा, असं ठरलं.

मग प्रश्न आला तो हा आकडा लांबूनच कसा मोजायचा. १९८८ च्या एफएएच्या नियमाने अमेरिकी प्रवासी विमानांवर विंडशीअरची, म्हणजे वाऱ्यातल्या अशा अचानक बदलाची, सूचना देणारं यंत्र सक्तीचं झालं होतं, पण सुरुवातीची यंत्रं विमान झोतात सापडल्यावर सांगायची. विमानाची गती आणि हवेचा वेग यांत तफावत दिसली की घंटा. काहीच नसण्यापेक्षा हे बरं, तरी वैमानिकाला हवी असते सूचना, तीही आधी. त्यासाठी तीन साधनं स्पर्धेत होती. इन्फ्रारेड सेन्सर पुढच्या हवेचं तापमान पाहायचा, कारण कोसळणारी हवा गार असते. लिडार लेझरचा किरण सोडून हवेतल्या धुळीवरून परतणारा प्रकाश मोजायचा. तिसरं होतं डॉप्लर रडार.

परीक्षेला नासाने निवडलं ते पहिलंवहिलं बोइंग ७३७, म्हणजे त्या मालिकेचा मूळ नमुना. या विमानात एक खास सोय होती: नेहमीच्या कॉकपिटखेरीज प्रवासी कक्षात आणखी एक, बाहेर पाहायला खिडक्या नसलेलं कॉकपिट. संशोधक तिथे बसून फक्त यंत्रांवर विसंबून विमान चालवू शकत. १९९१ आणि १९९२ च्या उन्हाळ्यांत हे विमान फ्लोरिडातल्या ऑरलँडोजवळ आणि कोलोरॅडोतल्या डेन्व्हरजवळ मुद्दाम मायक्रोबर्स्टमध्ये नेलं गेलं. ही ठिकाणं विचारपूर्वक निवडली होती. ऑरलँडोचे झोत मुसळधार पावसासकट येतात. डेन्व्हरच्या कोरड्या हवेत पाऊस बऱ्याचदा जमिनीपर्यंत पोचतच नाही, वाटेतच त्याची वाफ होते. झोत मात्र पोचतो. म्हणजे एका ठिकाणी रडारला पाहायला भरपूर थेंब, दुसऱ्या ठिकाणी जेमतेम. तापमानावरून अंदाज बांधणारं इन्फ्रारेड भरवशाचं ठरलं नाही. लिडार कोरड्या हवेत छान चाललं, पण दाट पावसात त्याचा प्रकाश थोड्या अंतरातच विझायचा. रडारने ऑरलँडोत अपेक्षेप्रमाणे काम केलं आणि डेन्व्हरच्या विरळ थेंबांवरूनही वारा मोजून दाखवला. शिवाय रडार विमानांत आधीपासून होतंच. ते सुधारायचं होतं. १९९४ मध्ये अशी व्यवस्था प्रवासी विमानांवर आली. ते ७३७ आज सिएटलच्या म्युझियम ऑफ फ्लाइटमध्ये पाहायला मिळतं.

आता त्या तबकडीच्या मागे काय चालतं ते जरा जवळून पाहू.

हवामान रडारच्या लहरींची वारंवारिता सुमारे ९.३ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी ३.२ सेंटिमीटर. रडार एक छोटी लाट सोडतं आणि कान देऊन बसतं. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. जाण्या-येण्याचा हिशेब धरला तर परत यायला लागलेला प्रत्येक मायक्रोसेकंद म्हणजे १५० मीटर अंतर. साडेचार किलोमीटरवरच्या थेंबाकडून परतलेली लहर ३० मायक्रोसेकंदांनी पोचते. अशा रीतीने समोरची हवा लहान-लहान तुकड्यांत कापली जाते आणि प्रत्येक तुकड्यासाठी दोन गोष्टी मोजल्या जातात. परतलेली लहर किती जोरकस आहे, यावरून पाऊस किती ते कळतं. तिची वारंवारिता किती सरकली, यावरून थेंब रडारकडे येताहेत की दूर जाताहेत, आणि किती वेगाने, ते कळतं. हाच डॉप्लर परिणाम. या तरंगलांबीला सेकंदाला एक मीटर वेगामागे सुमारे ६२ हर्ट्झचा फरक पडतो. विमानाच्या स्वतःच्या ७५ मीटर वेगाचेच जवळपास ४,७०० हर्ट्झ होतात. ते आधी वजा करायचे. उरलेल्यात २० मीटर वाऱ्याचे साडेबाराशे शोधायचे. नऊशे तीस कोटींच्या मूळ आकड्यात साडेबाराशेंचा फरक ओळखायचा, तोही दर फेरीला, शेकडो तुकड्यांत.

अवघड भाग याच्या पुढे आहे. मायक्रोबर्स्टचा धोका असतो जमिनीलगत, आणि उतरणारं विमान जमिनीकडेच तोंड करून असतं. पाऊण मीटरच्या तबकडीचा झोत सुमारे तीन अंश रुंद असतो. पाच किलोमीटरवर तो सुमारे २६० मीटर पसरलेला असतो, आणि तीन अंशांच्या उतारावरून येणारं विमान धावपट्टीपासून तेवढ्या अंतरावर असताना जमिनीपासून असतं २६० मीटर उंच. म्हणजे पावसाकडे पाहता पाहता रडारला इमारती, हँगर, डोंगर, पाण्याच्या टाक्याही दिसणार, आणि काँक्रीटची इमारत थेंबांपेक्षा कितीतरी जोरात उत्तर देते. याला ग्राउंड क्लटर म्हणतात. स्थिर वस्तूंचा बंदोबस्त होतो: विमानाचा वेग वजा केल्यावर त्यांचा वेग शून्य येतो, म्हणून शून्याच्या आसपासचं सगळं गाळून टाकायचं. पण विमानतळाच्या आसपास हायवे असतात, आणि ताशी शंभर किलोमीटरने जाणारा ट्रक सेकंदाला सुमारे २८ मीटर वेगाने धावत असतो. रडारच्या लेखी तोही वाराच. त्यासाठी तबकडी किंचित वर उचलायची, बाजूला सांडणाऱ्या लहरी कमीत कमी राहतील अशा खाचा काढायच्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं, नक्षी तपासायची. मायक्रोबर्स्टमध्ये जवळचे थेंब विमानाकडे येतात आणि पलीकडचे दूर जातात, हा बदल किलोमीटर-दोन किलोमीटरमध्ये सलग होतो आणि पुढच्या फेरीतही जागच्या जागी दिसतो. ट्रकच्या रांगेतून अशी सलग नक्षी निघत नाही. खोटा इशारा द्यायचा नाही, याला इतकं महत्त्व का? दोनदा उगाच ओरडलेल्या यंत्राकडे तिसऱ्यांदा वैमानिक दुर्लक्ष करतो.

कॉकपिटमध्ये हे सगळं फार थोड्या शब्दांत येतं. जमिनीपासून २,३०० फुटांखाली आल्यावर रडार आपोआप विंडशीअर शोधू लागतं, वैमानिकाने ते बंद ठेवलं असलं तरी. इशारे साधारण १,२०० फुटांखाली मिळतात. धोका जरा दूर किंवा बाजूला असेल तर ‘मॉनिटर रडार डिस्प्ले’. उतरताना तो नेमका वाटेत आणि सुमारे तीन किलोमीटरच्या आत असेल तर ‘गो अराउंड, विंडशीअर अहेड’. तीन किलोमीटर म्हणजे ४० सेकंद. ऐकायला तुटपुंजे वाटतात, पण इंजिनं पूर्ण जोरावर आणून विमान वर न्यायला ते पुरतात. डेल्टा १९१ ला ते मिळाले असते तर धोक्यात शिरायचीच वेळ आली नसती. उड्डाण घेताना मात्र एक बंधन आहे: धावपट्टीवर वेग १०० नॉट झाला की ५० फूट उंची येईपर्यंत नवा इशारा दिला जात नाही. त्या काही सेकंदांत वैमानिकाला भलत्याच क्षणी ब्रेक लावायला लावणं हाच मोठा धोका ठरू शकतो. आणि एवढं करूनही विमान झोतात सापडलंच, तर पूर्ण जोर, नाक साधारण १५ अंश वर, आणि चाकं वा फ्लॅप्सना हात लावायचा नाही. चाकं आत घ्यायला त्यांची झाकणं उघडावी लागतात, आणि उघडी झाकणं तेवढ्यापुरता हवेचा अडथळा वाढवतात.

विंडशीअरचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. बाकीच्या धोक्यांचं तसं नाही.

पडद्यावर हिरवा, पिवळा, लाल रंग दाखवणारं नेहमीचं पावसाचं रडार घ्या. थेंबाकडून परतणारी ऊर्जा त्याच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असते. चार मिलिमीटरचा एक थेंब एक मिलिमीटरच्या ४,०९६ थेंबांइतकं उत्तर देतो. म्हणून मोठे थेंब आणि ओल्या गारा झळाळून उठतात. पण सुका बर्फ, हिमस्फटिक, कोरड्या गारा फिक्या दिसतात. वादळी ढगाचा माथा बर्फाचाच असतो, आणि प्रवासी विमान उडतं त्या उंचीवर समोर तोच येतो. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला जाणारं एअर फ्रान्सचं ४४७ अटलांटिकवरच्या अशाच ढगांच्या पट्ट्यात शिरलं. हिमस्फटिकांनी वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या बुजल्या आणि तिथून पुढे जे घडत गेलं त्यात २२८ जण गेले. अपघाताला इतरही कारणं होती, पण सुरुवात झाली ती रडारला नीट न दिसणाऱ्या बर्फापासून.

दुसरी फसगत अंधाराची. लहरी दाट पावसातून जाताना शोषल्या जातात, त्यामुळे पहिल्या वादळामागे दुसरं असलं तर ते दिसतच नाही. पडद्यावर तिथे काळी, मोकळी जागा दिसते. ४ एप्रिल १९७७ रोजी अमेरिकेत जॉर्जियावर सदर्न एअरवेजच्या फ्लाइट २४२ च्या वैमानिकांना रडारवर अशीच वाट दिसली आणि ते थेट गारांच्या गाभ्यात गेले. पाण्याने आणि गारांनी दोन्ही इंजिनं निकामी झाली. वादळामागच्या काळ्या जागेवर विश्वास ठेवू नये, हे तेव्हापासून वैमानिकांच्या शिकवणीत पक्कं बसलं आहे. आजची रडारं कुठे लहरी शोषल्या गेल्या असतील ते पडद्यावर वेगळं दाखवतात, तबकडी निरनिराळ्या कोनांत फिरवून ढगाचं पायथ्यापासून माथ्यापर्यंत चित्र साठवतात, आणि ढग समुद्रावरचा आहे की जमिनीवरचा यानुसार चित्र समजून घेतात. समुद्रावरच्या ढगाचा माथा तितकाच उंच असूनही फिका दिसतो, हे त्यांना शिकवलेलं असतं.

तरीही पडद्यावरच्या रंगाचा अर्थ लावून वळायचं की नाही, हा निर्णय माणसाचाच. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला निघालेल्या स्पाइसजेटच्या बोइंग ७३७ ला उतरताना जबर हादरे बसले आणि अनेक प्रवासी व कर्मचारी जखमी झाले. पूर्व भारतात तो काळबैसाखीचा, वैशाखातल्या वादळांचा हंगाम असतो.

हादरे मोजायची रडारची रीतही डॉप्लरचीच. हवेच्या एकाच तुकड्यातले थेंब वेगवेगळ्या वेगांनी जात असतील, तर तिथली हवा खवळलेली आहे असं समजायचं. पण पुन्हा तीच अट: थेंब हवेत. निरभ्र आकाशात, जेट प्रवाहाच्या काठाशी किंवा डोंगरांच्या पलीकडे, जो टर्ब्युलन्स असतो तो या रडारला मुळीच कळत नाही. हादरे किती कमी वेळात घात करतात, हे २१ मे २०२४ च्या सिंगापूर एअरलाइन्सच्या घटनेवरून कळतं. लंडनहून सिंगापूरला निघालेलं बोइंग ७७७ म्यानमारवर असताना ०.६ सेकंदात अधिक १.३५ जी वरून उणे १.५ जी वर गेलं (एक जी म्हणजे नेहमीचं गुरुत्वाकर्षण). ज्यांनी पट्टा बांधला नव्हता ते छतावर आदळले. पुढच्या चार सेकंदांत ते खाली आपटले. एक प्रवासी दगावला.

निरभ्र हवेसाठी आशा आहे ती लिडारवर. लेझर धुळीच्या सूक्ष्म कणांवरूनही परततो, त्यामुळे थेंबांची गरज नाही. अडचण अशी की दहा-बारा किलोमीटर उंचीवर धूळही फारशी नसते. परत येणारा प्रकाश अगदीच क्षीण असतो. युरोपातल्या डेलिकॅट प्रकल्पाने यावर अतिनील लेझर वापरून पाहिला, कारण तो धुळीवर नाही तर थेट हवेच्या रेणूंवरून परततो. २०१३ मध्ये त्याची उड्डाणं झाली. जपानच्या जॅक्सा या अंतराळ संस्थेने १.५ मायक्रोमीटरच्या इन्फ्रारेड लेझरवर भर दिला आणि उड्डाणात सरासरी साडेसतरा किलोमीटरचा पल्ला गाठला. २०१८ मध्ये त्यांचं लिडार बोइंगच्या ७७७ मालवाहू चाचणी विमानावर उडालं. साडेसतरा किलोमीटर म्हणजे ताशी ९०० किलोमीटर वेगाला ७० सेकंद. एवढ्यात वळून जाता येत नाही. पण चहाच्या ट्रॉल्या थांबवता येतात, उभे असलेले खाली बसू शकतात, पट्टे बांधले जातात. जखमी होतात ते बहुतेक पट्टा न बांधलेलेच, त्यामुळे हे ७० सेकंद मला फार मोठे वाटतात. अजून यंत्राचं वजन, वीज आणि किंमत यांचा हिशेब विमान कंपन्यांच्या गळी उतरलेला नाही. तोवर भिस्त पुढे गेलेल्या विमानांवर आहे. विमानाला बसलेल्या हादऱ्यांवरून त्याचा संगणक हवेच्या खवळण्याचा आकडा काढतो, तो आपोआप खाली पाठवला जातो आणि मागून येणाऱ्यांना मिळतो. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा त्यासाठी एक सामाईक व्यवस्था चालवते.

राहिली ज्वालामुखीची राख. २४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं फ्लाइट ९, मुंबई, मद्रास करत क्वालालंपूरहून पर्थकडे निघालेलं बोइंग ७४७, जावा बेटाजवळ होतं. रडारच्या पडद्यावर काहीच नव्हतं. समोरच्या काचांवर ठिणग्या नाचू लागल्या, केबिनमध्ये धुरासारखा वास आला आणि काही मिनिटांत एकामागून एक चारही इंजिनं बंद पडली. गालुंगगुंग ज्वालामुखीची राख होती ती. विमान ३७,००० फुटांवरून घरंगळत राखेच्या ढगाखाली आलं तेव्हा इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि ते जकार्ताला उतरलं, सगळे वाचले. राखेचे कण सुके आणि इतके बारीक असतात की ३.२ सेंटिमीटरच्या लहरींच्या दृष्टीने ते नसल्यातच जमा.

इन्फ्रारेडला मात्र ते ओळखता येतात. राखेत सिलिकेट असतं, आणि सुमारे ११ मायक्रोमीटर तरंगलांबीचं इन्फ्रारेड ते १२ मायक्रोमीटरच्या मानाने जास्त शोषतं. पाणी आणि बर्फ याच्या नेमकं उलट वागतात. तेव्हा दोन तरंगलांबींवर एकाच ढगाची दोन चित्रं घ्यायची आणि वजाबाकी करायची; उत्तराचं चिन्हच सांगतं की समोर साधा ढग आहे की राख. फ्रेड प्राटा यांनी उपग्रहांसाठी विकसित केलेली ही रीत पुढे विमानावरच्या कॅमेऱ्यात आणली. २०१३ च्या नोव्हेंबरात बिस्केच्या उपसागरावर ईझीजेट, एअरबस आणि नॉर्वेतल्या निकार्निका एव्हिएशनने तिची चाचणी घेतली. आइसलँडहून आणलेली टनभर राख ए४००एम विमानाने हवेत सोडली, आणि ए३४० वरच्या कॅमेऱ्याने ती सुमारे ६० किलोमीटरवरून ओळखली. ६० किलोमीटर म्हणजे चार मिनिटं. वळून जायला पुरेशी.

हा कॅमेरा अजून प्रवासी विमानांवर सर्रास बसलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख अरबी समुद्र ओलांडून भारतावर आली, तेव्हा विमान कंपन्यांनी काही उड्डाणं रद्द केली आणि काही मार्ग बदलले. राख कुठे आहे ते कळलं होतं उपग्रहांच्या चित्रांवरून आणि फ्रान्समधल्या तुलूझच्या राख-सूचना केंद्राकडून. आखाताकडे निघालेल्या विमानांच्या नाकातल्या तबकड्यांना त्यातलं काहीच दिसण्यासारखं नव्हतं.